एवढासा शब्द

मालेगावात आमचे घर मोसम नदीपासून फार लांब नव्हते. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांची खडखड चाले. त्या आवाजात आम्ही जेवत असू, अभ्यास करत असू आणि झोपतही असू. शुक्रवारी मात्र कारखान्यांना सुट्टी असे. त्या दिवशी मोहल्ला इतका शांत होई की, गल्लीच्या टोकाला वाजलेली सायकलची घंटी घरात ऐकू येई. १९८६ सालच्या जुलै महिन्यातील अशाच एका शुक्रवारी ती घंटी आमच्या दारात वाजली. तारवाला आला होता.

आजच्या मुलांनी तार पाहिलेली नसेल. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण त्या काळी तार आली की घरातल्या माणसांच्या छातीत धस्स होई. पत्र सावकाश येई; तार मात्र घाईच्या बातमीसाठीच असे. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत. म्हणून लोक कमीत कमी शब्दांत मजकूर लिहीत.

माझे भाईजान तेव्हा सौदी अरेबियात, दम्माम शहरात, इमारतींच्या बांधकामावर होते. त्यांचा दोन वर्षांचा करार संपत आला होता. कंपनी त्यांना पुढे कामावर ठेवणार की नाही, याची घरात सर्वांना काळजी होती. कारण त्यांच्याच पगारावर आपाचे लग्न व्हायचे होते. मुलाकडच्या लोकांनी तारीख मागितली होती. अब्बांनी त्यांना सांगितले होते, “बड्या मुलाची नोकरी पक्की झाली की लगेच तारीख देतो.”

तार इंग्रजीत होती. अब्बा उर्दू उत्तम वाचत. रोजचे वर्तमानपत्र ते मोठ्याने वाचत आणि शेजारपाजारचे लोक ऐकायला येऊन बसत. पण इंग्रजी त्यांना येत नव्हते. मी नववीत होतो. त्या काळी आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून शिकवत. म्हणजे मी चार वर्षे इंग्रजी शिकलेला विद्वान होतो! मोहल्ल्यात कोणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येई. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो की बँकेचे पत्र असो, मी ते वाचून दाखवी. त्याचा मला मोठा अभिमान वाटे.

मी तार हातात घेतली. तिच्यात सातच शब्द होते : ‘लेड ऑफ. पुट ऑफ वेडिंग. लेटर फॉलोज.’

मी माझा छोटा इंग्रजी-उर्दू शब्दकोश आणला. ‘लेड’ हे ‘ले’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, एवढे मला माहीत होते. शब्दकोशात ‘ले’ या शब्दापुढे तीन-चार अर्थ होते. रखना, बिछाना, अंडे देना. भाईजानने अंडी देणे तर शक्य नव्हते! तेव्हा मी ‘रखना’ हा अर्थ घेतला. पुढचा शब्द होता ‘पुट’. तो तर पाचवीपासून पाठ होता. त्याचाही अर्थ रखना. ‘वेडिंग’ म्हणजे शादी. ‘लेटर फॉलोज’ म्हणजे मागून पत्र येत आहे.

राहिला ‘ऑफ’. तो दोन ठिकाणी होता. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘दूर’, ‘परे’ असा दिला होता. तो अर्थ कुठेच नीट बसेना. आमचे इंग्रजीचे सर नेहमी म्हणत, “वाक्याचा अर्थ लावायचा तर आधी क्रियापद शोधा.” मी क्रियापदे शोधली होती. तेव्हा हे इन, ऑन, अप, ऑफ असले एवढेएवढेसे शब्द सोडून दिले तरी चालतील, असे मी ठरवून टाकले.

मग मी मोठ्या आवाजात अर्थ सांगितला, “भाईजान को रख लिया गया है. शादी रख दो. खत पीछे आ रहा है.”

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग अम्मीने दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. आपा उठून आत गेली. अब्बांनी ती तार माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “देखा, पढ़ाई किस दिन काम आती है!”

त्या संध्याकाळीच अब्बा मुलाकडे गेले आणि लग्नाची तारीख ठरवून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या मालकाकडून पंधराशे रुपये उचल घेतली. मंडपवाल्याला आणि बावर्चीला बयाणा दिला. अम्मीने आपासाठी कापड आणले. मोहल्ल्यात सर्वांना कळले की, ही आनंदाची बातमी मी वाचून दाखवली होती. दोन-तीन दिवस मी छाती पुढे काढून हिंडलो.

दहाव्या दिवशी भाईजानचे पत्र आले. ते उर्दूत होते. अब्बांनी ते उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता खाली बसले.

पत्रात लिहिले होते की, त्या वर्षी खनिज तेलाचे भाव एकदम कोसळले आहेत. काही महिन्यांतच ते जवळजवळ निम्म्यावर आले आहेत. त्यामुळे तिकडची बांधकामे थांबत आहेत आणि कंपन्या माणसे कमी करत आहेत. भाईजानलाही कामावरून कमी करण्यात आले होते. ‘म्हणूनच मी तार केली,’ असे त्यांनी लिहिले होते, ‘आपाचे लग्न थोडे पुढे ढकला. मी परत आल्यावर काहीतरी मार्ग काढू. माझ्या खोलीत केरळचे एक बाबू राहतात. त्यांनीच तार लिहून दिली.’

‘लेड ऑफ’ म्हणजे कामावरून कमी केले. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकला. आणि मी सांगितले होते, कामावर ठेवले, लग्न ठेवा. दोन्ही ठिकाणी मी नेमके उलटे सांगितले होते.

अब्बा मला मारतील असे मला वाटले. त्यांनी मारले नाही. ते रागावलेही नाहीत. त्यांनी खिशातून ती तार काढली, माझ्यापुढे धरली आणि ‘ऑफ’ या शब्दावर बोट ठेवून विचारले, “ये क्या लिखा है?”

मी म्हणालो, “ऑफ.”

“इसका मतलब तूने बताया था?”

मी मान खाली घातली.

अब्बा हळू आवाजात म्हणाले, “बेटा, तूने गलत नहीं पढ़ा. तूने आधा पढ़ा.”

मार खाल्ला असता तर मी तो विसरून गेलो असतो. हे वाक्य मात्र मी आजपर्यंत विसरलो नाही.

नंतर मला आणखी एक गोष्ट सुचली आणि माझे मन अधिकच खट्टू झाले. तारेतल्या प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. नोकरी गेलेली असताना भाईजानने ‘ऑफ’ या एका शब्दासाठी दोनदा पैसे मोजले होते. आणि मी तो दोन्ही वेळा फुकट घालवला होता.

त्यानंतर मी इंग्रजी कागद वाचून दाखवणे सोडून दिले. कोणी कागद घेऊन आले की मी मागच्या दाराने निघून जाई. वर्गातही मी गप्प बसू लागलो. इंग्रजी भाषाच लबाड आहे, असे मला वाटू लागले. ‘ठेवणे’ म्हणायचे आणि काढून टाकायचे, ही कसली भाषा!

माझी ही अढी इंग्रजीच्या तासाला सुटली नाही. ती मराठीच्या तासाला सुटली.

आमच्या मराठीच्या बाई नाशिकच्या होत्या. आम्हांला मराठी ही दुसरी भाषा होती. त्यामुळे आमच्या चुकाही मजेदार असत. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली :

‘आजोबांनी बाळाचे नाव ठेवले.’

‘लोकांनी बाळाला नावे ठेवली.’

बाईंनी विचारले, “दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे का?”

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, “हो, बाई!”

बाई हसल्या. म्हणाल्या, “अरे, पहिल्या वाक्यात बारसे आहे आणि दुसऱ्यात निंदा आहे! नाव ठेवणे म्हणजे नाव देणे. नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. एका मात्रेचा फरक आहे, पण तेवढ्यासाठी भांडण होईल.”

मग त्यांनी तिसरे वाक्य लिहिले : ‘तो उभ्याउभ्या मोठी चूक करून बसला.’ त्यांनी विचारले, “हा मुलगा उभा आहे की बसला आहे?”

वर्गात हशा पिकला. बाई म्हणाल्या, “करून बसणे यात कोणी खाली बसत नाही. नको ते हातून होऊन गेले, एवढाच त्याचा अर्थ. तसेच ‘मी तुला पाहून घेईन’ असे कोणी म्हणाले तर तो प्रेमाने पाहणार आहे, असे समजू नका. ती धमकी आहे! दोन शब्द एकत्र आले की कधीकधी त्यांचा मिळून तिसराच अर्थ होतो. तुमच्या उर्दूत असे होत नाही का?”

आम्ही विचार करू लागलो. कोणीतरी म्हणाले, “देख लूँगा!” दुसरा म्हणाला, “कर बैठा!” तिसरा म्हणाला, “नाम रखना आणि नाम धरना!” बघता बघता फळा भरून गेला. दे डालना, कह जाना, मार खाना. मार कोणी खातो का? पण आम्ही सगळे खात होतो!

मी मात्र गप्प बसून फळ्याकडे पाहत होतो. ‘करून बसला’ हे वाक्य जणू माझ्यासाठीच लिहिले होते. माझ्या मनात आले, मी आयुष्यभर उर्दूत ‘देख लूँगा’ म्हणत आलो. पण ‘देखना’ आणि ‘लेना’ असे दोन वेगळे अर्थ कधी जोडत बसलो नाही. मी ते सगळे मिळून एकच शब्द समजत होतो. मग ‘लेड ऑफ’चे मी दोन तुकडे का केले? आणि त्यातला एक तुकडा फेकून का दिला? लबाडी इंग्रजीची नव्हती. माझ्या घरात जी रीत होती, तीच मी शेजाऱ्याच्या घरात ओळखली नव्हती.

तास संपल्यावर मी बाईंना तारेची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मला इंग्रजीच्या सरांकडे घेऊन गेल्या. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी क्रियापद शोधा, असे मी तुम्हांला सांगितले. पण क्रियापद कुठे संपते, ते सांगायचे राहून गेले. ही चूक माझीही आहे.” एवढे मोठे सर आपली चूक कबूल करतात, हे पाहून माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी ही जोड क्रियापदे शिकवायला सुरुवात केली. त्यांना इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. सरांनी पाठ करायला यादी दिली नाही. ते म्हणाले, “एक वही करा. रोज दोन जोड्या लिहा. पण प्रत्येक जोडी वाक्यात लिहा आणि ते वाक्य तुमच्या घरातले असू द्या.”

माझी वही आजही माझ्याजवळ आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘पुट’ आहे. ‘अब्बा पुट ऑन हिज कॅप’, म्हणजे अब्बांनी टोपी घातली. ‘अम्मी पुट आऊट द स्टोव्ह’, म्हणजे अम्मीने स्टोव्ह विझवला. ‘वी पुट ऑफ द वेडिंग’, म्हणजे आम्ही लग्न पुढे ढकलले. ‘आपा पुट अप विथ माय मिस्टेक’, म्हणजे आपाने माझी चूक सहन केली. क्रियापद एकच; पण मागचा शब्द बदलला की टोपी, स्टोव्ह, लग्न आणि सहनशीलता असे सगळे निराळे होऊन जाते.

दुसरे पान ‘लुक’चे आहे. लुक म्हणजे पाहणे. पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात शब्द पाहणे आणि ‘लुक डाऊन ऑन’ म्हणजे एखाद्याला कमी लेखणे. ‘मी तुझी वाट पाहतो’ या मराठी वाक्यातही पाहणे आहेच. पण त्यात कोणी रस्त्याकडे टक लावून बसलेले असतेच असे नाही.

तिसऱ्या पानावर ‘ऑफ’ आहे. त्याच्यावर माझा विशेष राग होता, म्हणून त्याला मी पूर्ण पान दिले. ‘द लाइट वेंट ऑफ’, म्हणजे दिवा गेला. मला वाटले, चला, ऑफ म्हणजे बंद होणे. पण लगेच सरांनी दुसरे वाक्य दिले : ‘द अलार्म वेंट ऑफ’. म्हणजे घड्याळाचा गजर वाजू लागला! दिवा बंद होतो तेव्हाही ‘गो ऑफ’ आणि गजर सुरू होतो तेव्हाही ‘गो ऑफ’. विमान ‘टेक ऑफ’ करते, म्हणजे उडते. आपण बूट ‘टेक ऑफ’ करतो, म्हणजे काढतो. सर म्हणाले, “छोट्या शब्दाचा एकच अर्थ धरून बसू नका. आजूबाजूला कोण आहे ते पाहा. दिवा आहे की गजर? विमान आहे की बूट? शेजारी पाहून माणूस ओळखतात, तसा शब्दही ओळखावा.”

काही छोट्या शब्दांची वळणे मात्र ध्यानात ठेवता येतात. उदाहरणार्थ, ‘अप’ हा शब्द पुष्कळदा काम पुरते झाल्याचे सांगतो. ईट म्हणजे खाणे. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. यूज म्हणजे वापरणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. मराठीत जे काम ‘टाकणे’ करते आणि उर्दूत जे ‘डालना’ किंवा ‘जाना’ करते, ते इथे ‘अप’ करतो. हे कळल्यावर मला ‘अप’ आपल्याच नात्यातला वाटू लागला.

सरांनी आणखी एक नियम शिकवला. तो आजही माझे विद्यार्थी चुकवतात. ‘टर्न ऑन द फॅन’ म्हणा किंवा ‘टर्न द फॅन ऑन’ म्हणा, दोन्ही बरोबर आहे. पण पंख्याचे नाव न घेता ‘इट’ म्हणायचे असेल तर ते मधेच घालावे लागते. ‘टर्न इट ऑन’ हे बरोबर. ‘टर्न ऑन इट’ हे चूक. मात्र सगळ्याच जोड्या अशा सुट्या होत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’ म्हणजे तिला सांभाळ. इथे ‘हर’ मधे घालता येत नाही. सर म्हणत, “काही जोड्या पाहुण्याला मधे बसू देतात आणि काही देत नाहीत. कोणती जोडी कशी, ते वाक्ये वाचूनच कळते.”

पुढे शिक्षक झाल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. सॅम्युएल जॉन्सन नावाच्या विद्वानाने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले आहे की, क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परभाषी माणसांना फार अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच काळाने रूढ झाले. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या पुस्तकात ते छापले. म्हणजे नावाच्या पुष्कळ आधी अडचण होती! जॉन्सनसाहेबांचे ते म्हणणे वाचून मला फार बरे वाटले. नववीतल्या एका मुलाची फजिती दोनशे वर्षांहून अधिक आधीच कोणीतरी ओळखून ठेवली होती.

आता आपाच्या लग्नाचे काय झाले, ते सांगतो.

पत्र आले त्याच संध्याकाळी अब्बा मला बरोबर घेऊन मुलाकडे गेले. सगळी हकीकत मला सांगावी लागली. मुलाच्या वडिलांनी ती ऐकून घेतली. मग ते अब्बांना म्हणाले, “तारीख पुढे जाईल. नाते कुठे जाते?” त्या वेळी मला हे इंग्रजीत सांगता आले नसते. पुढे वहीत मी ते लिहिले. लग्न ‘पुट ऑफ’ झाले होते, ‘कॉल ऑफ’ झाले नव्हते. पहिल्याचा अर्थ पुढे ढकलणे, दुसऱ्याचा अर्थ रद्द करणे. त्या दोन शब्दांमधला फरक मला शब्दकोशाने नव्हे, त्या भल्या माणसाने शिकवला.

मंडपवाल्याने बयाणा परत केला. बावर्चीने अर्धाच केला. उचल घेतलेल्या पैशांतून बराच खर्च होऊन गेला होता. ती उचल फेडण्यासाठी अब्बांनी कित्येक महिने दिवसपाळीनंतर अर्धी रातपाळी केली. रात्री मागांची खडखड ऐकू आली की, त्यातला एक माग अब्बा माझ्यामुळे चालवत आहेत, असे मला वाटे. मग मला झोप येत नसे. मी उठून दिवा लावी आणि वही काढून बसे.

ऑगस्टमध्ये भाईजान परत आले. मनमाडला आगगाडीतून उतरून ते एस. टी. ने मालेगावला आले. मी त्यांच्यासमोर जायला तयार नव्हतो. त्यांनीच मला गच्चीवरून शोधून काढले. ते म्हणाले, “अरे, मी पैसे वाचवायला गेलो आणि तारेत सातच शब्द घातले. आणखी दोन शब्द घातले असते तर तुझी इतकी फजिती झाली नसती.” मग त्यांनी माझी वही मागितली. पहिले पान वाचून ते खूप हसले. त्या रात्री ते माझ्याजवळ बसून पंधरा जोड्या शिकले. पुढे त्यांनी माग दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. माग बिघडला की ते मला हाक मारून म्हणत, “छोटे, लूम ब्रेक डाऊन!”

१९८७ साली आपाचे लग्न साधेपणाने झाले.

लग्नाच्या आधीची एक आठवण आहे. शेजारच्या खाला एक इंग्रजी पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलाने एका तंत्रशाळेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. मी नेहमीप्रमाणे मागच्या दाराकडे वळलो. तेवढ्यात अब्बा म्हणाले, “ठहरो. पढ़ो.”

माझे हात कापत होते. पत्रात लिहिले होते : ‘प्लीज फिल इन द फॉर्म अँड सेंड इट बॅक बिफोर द टेन्थ. डू नॉट पुट इट ऑफ.’ मी पत्र दोनदा वाचले. ‘फिल इन’ पाहिले. ‘सेंड बॅक’ पाहिले. ‘पुट ऑफ’ तर मी जन्मात विसरणार नव्हतो. तरीही मी शब्दकोश उघडला आणि प्रत्येक जोडी तपासली. खाला वाट पाहत राहिल्या. कोणी घाई केली नाही. मग मी सांगितले, “खालाजान, सोबतचा फॉर्म भरायचा आहे आणि दहा तारखेच्या आत परत पाठवायचा आहे. उद्यावर ढकलू नका, असे त्यांनी मुद्दाम लिहिले आहे.”

अब्बांनी विचारले, “पूरा पढ़ा?”

मी म्हणालो, “हाँ अब्बा. छोटे लफ्ज भी.”

अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान डोलावली आणि वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरले. खालांनी तो फॉर्म त्याच आठवड्यात पाठवला.

आज मी स्वतः मुलांना इंग्रजी शिकवतो. जोड क्रियापदांचा पाठ आला की, मुले कपाळाला हात लावतात. “सर, ही किती पाठ करायची?” असे विचारतात. मी त्यांना यादी देत नाही. मी फळ्यावर मराठीत लिहितो, ‘नाव ठेवले’ आणि ‘नावे ठेवली’. त्याच्या शेजारी उर्दूत लिहितो, ‘देख लूँगा’. मुले हसू लागतात. मग मी खिशातून एक जुना, पिवळा पडलेला कागद काढतो. त्याच्या घड्या आता फाटू लागल्या आहेत. मी मुलांना त्यातले सात शब्द वाचून दाखवतो आणि विचारतो, “सांगा, आपाचे लग्न ठेवायचे की पुढे ढकलायचे?”

दरवर्षी कोणीतरी एक मुलगा उत्साहाने हात वर करतो आणि म्हणतो, “सर, ठेवायचे!”

मी त्याला रागावत नाही. मी त्याच्या बाकाजवळ जातो, त्या एवढ्याशा शब्दावर बोट ठेवतो आणि विचारतो, “बेटा, हे काय लिहिले आहे?”